फोंड्यातलं न्यूरोलॉजी क्लिनिक: वेळ देऊन बघतात, म्हणून सांगतेय

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं अचानक फिरल्यासारखं झालं की जायचं कुठे हेच सुचत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. सासूबाई डिचोलीच्या, वय ७६, चवथीला माटोळीचं (गणपतीवर बांधतात ते फळा-पानांचं छत) सगळं सामान अजून स्वतः बघणाऱ्या. आणि एकदम काही दिवसांत दिवसभर झापड, विचारलं एक तर उत्तर भलतंच, संध्याकाळ झाली की माझ्या नवऱ्यालाच विचारायच्या तू कोणाकडचा रे. सकाळी परत बऱ्या. आधी एका ठिकाणी दाखवलं तर पाच मिनिटांत वय झालं, डिमेन्शिया आहे म्हणून स्मरणशक्तीची गोळी लिहून मोकळे!

इथल्या मॅडमनी आधी बोटाला टोचून शुगर बघितली, ऑक्सिजन बघितला आणि मग आम्हाला धरलं. हे नेमकं कधीपासून, गेल्या महिन्यात घरचा हिशोब कोण बघत होतं, कुठे पडल्या का, ताप, लघवीला जळजळ, झोपेची गोळी, दारू. (दारू एकदम बंद केली तरी माणूस असा भ्रमिष्ट होतो, म्हणून सगळ्यांनाच विचारतात, राग मानू नका.) मग सासूबाईंना म्हणाल्या, काकी, महिने उलटे म्हणून दाखवा बघू. त्यांनी फाल्गुन, माघ म्हटलं आणि मग नुसत्या खिडकीकडे बघत बसल्या. मॅडम म्हणाल्या, हे विसरणं नव्हे, लक्षच टिकत नाहीये. डिमेन्शिया सहसा महिने, वर्षं घेत हळूहळू येतो. दिवसांत आलं, सकाळ-संध्याकाळ कमीजास्त होतंय, तर तो डिलिरियम, आणि त्याच्यामागे बहुतेक वेळा शरीरात काहीतरी बिघडलेलं असतं, ते शोधायचं.

औषधांची अख्खी पिशवी टेबलावर ओतायला लावली. त्यात बीपीची नवीन गोळी निघाली, लघवी वाढवणारं औषध असलेली, तिने रक्तातलं सोडियम उतरतं म्हणे. त्याच दिवशी रक्त तपासलं तर सोडियम ११८! नॉर्मल १३५ ते १४५. डोक्याचा सीटी स्कॅन पण बाहेरून करून घेतला, कारण म्हाताऱ्या माणसाला साधं डोकं आपटलं तरी आत हळूहळू रक्त साचून आठवड्यांनी असा गोंधळ होऊ शकतो. तो क्लिअर आला. लगेच अॅडमिट करायला सांगितलं, हॉस्पिटलला फोन मॅडमनी स्वतः केला. मी म्हटलं सलाईन लावून पटकन वर आणा की, तर नाही, सोडियम भराभर वाढवलं तर मेंदूलाच कायमची इजा होऊ शकते, म्हणून दर काही तासांनी तपासत हळूच वाढवतात.

मला सगळ्यात पटलं ते हे की ३० मार्कांची मेमरी टेस्ट त्या दिवशी घेतलीच नाही. गोंधळलेल्या माणसाचे मार्क कमीच येणार आणि आयुष्यभराचा शिक्का बसणार. पूर्ण सावरल्यावर बोलावून घेतली, घड्याळ काढायला लावलं, बी१२ आणि थायरॉइड पण बघितलं. महिने ह्यावेळी चैत्रापर्यंत धडाधड म्हटले. थोडी आठवण कच्ची आहे, सहा महिन्यांनी परत बघू म्हणाल्या, उगाच गोड बोलल्या नाहीत हे बरं वाटलं.

एक मात्र लक्षात ठेवा, तोंड वाकडं झालं, एक हात गळला, बोलणं अडखळलं असं अचानक झालं तर इथे येऊ नका, सरळ १०८ ला फोन करा. तो पक्षाघात असू शकतो, त्यात मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि इथे सीटी मशीन नाही.

थांबावं खूप लागतं, अपॉइंटमेंट असली तरी. एकेका पेशंटला वेळ देतात त्यामुळे ते होणारच, पण बसायला खुर्च्या तरी वाढवा हो. पहिला मजला, लिफ्ट नाही. पेशंटला जिना जमत नसेल तर खालून फोन करा, आमच्यासमोर एका आजोबांना मॅडमनी खाली येऊन गाडीतच तपासलं.