आरडीच्या पैशातली सहा जेवणं: सोळा महिन्यांनंतरचा अनुभव

नाशिकच्या एका सहकारी बँकेत मी एकतीस वर्षं काउंटरमागे बसले, त्यामुळे हिशोब आधी. दोन वर्षं दर महिन्याला ५,००० रुपयांची आरडी. पासबुकावर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, 'फक्त जेवण'. विमान, हॉटेल, व्हिसा, लेकीसाठी नेलेला चिवडा, यातलं काहीही त्या पैशातून करायचं नाही. परदेशी गेलो की दोनच जेवणं अशी करायची, जी कॉलेज रोडला तर नाहीच, मुंबईतही मिळणार नाहीत. बाकीचे दिवस दशम्या, मेतकूट आणि फूड कोर्ट. आरडी मॅच्युअर झाली तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "एवढ्यात तोळाभर सोनं आलं असतं." आलं असतं, खरं आहे.

सोळा महिन्यांत तीन प्रवास झाले, सहा जेवणं झाली. परत आल्याआल्या लिहिलं असतं तर सहाही जेवणांना पाच-पाच चांदण्या दिल्या असत्या. पैसे नुकतेच गेलेले असले की माणूस स्वतःचीच समजूत घालत असतो. आता कोणत्या जेवणाबद्दल घरात अजून बोलणं होतं आणि कोणतं नुसतं फोनच्या गॅलरीत पडून आहे, ते स्पष्ट दिसतंय.

पहिलं बँकॉकचं. आम्ही तिघं होतो: मी, हे आणि सासूबाई, वय ७६. टेबल लेकीने लंडनहून बुक केलं आणि मुद्दाम काही सांगितलं नाही. सुखुमवित रस्त्याच्या १२ नंबरच्या सोईत (सोई म्हणजे आपली गल्लीच) 'कॅबेजेस अँड काँडोम्स' नावाचं रेस्टॉरंट आहे. नाव वाचूनच माझे पाय जड झाले. आत गेलो तर दिव्यांच्या शेड निरोधच्या, पुतळ्यांचे कपडे निरोधचे, फुलं निरोधची. यांनी मेनूकार्ड उघडून त्यात डोकं घातलं ते घातलंच. मी आईंकडे बघायचं टाळत होते. आईंनी पर्समधून चष्मा काढला, एका पुतळ्याच्या झग्याला हात लावून बघितला आणि मला विचारलं, "हे मुदत संपलेले असतील ना गं? नाहीतर उगाच वाया गेले."

सांगायचं राहिलं. आई निवृत्त नर्सबाई आहेत. सत्तरच्या दशकात दिंडोरी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर कुटुंबनियोजनाची लाल त्रिकोणाची पत्रकं आणि निरोधचे खोके घेऊन त्या पायी फिरल्या आहेत. बायका दार लावून घ्यायच्या, पुरुष हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी पोरं त्याच निरोधचे फुगे करून गावभर उडवायची. हे मला लग्नानंतर अठ्ठावीस वर्षांनी, बँकॉकमध्ये, पपईची कोशिंबीर खाताना कळलं. हॉटेलची गोष्टही तिथेच समजली. मेचाई वीरवैद्य या गृहस्थांनी १९७४ साली कुटुंबनियोजनाची संस्था काढली. लोक लाजतात ना, मग त्यांना हसवायचं, ही त्यांची युक्ती. ती एवढी चालली की थाई बोलीत निरोधला 'मेचाई'च म्हणायला लागले. १९९४ साली त्यांना मॅगसेसे मिळालं. हे हॉटेल त्याच संस्थेच्या कामासाठी पैसे उभे करतं. आईंनी वेटर मुलीला तांबीविषयी काहीतरी विचारलं. तिला इंग्रजी जेमतेम आणि आईंना त्याहून कमी, पण दोघींचं हातवाऱ्यांनी पाच मिनिटं व्यवस्थित चाललं. बिलाबरोबर बडीशेपेऐवजी निरोध येतात. आईंनी तीन उचलले.

जेवण कसं होतं? चांगलं होतं, आणि खरं सांगायचं तर 'थीम' सोडली तर फार महागही नव्हतं. शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी. थायलंडमध्ये 'व्हेज' म्हटलं तरी माशाचा सॉस पडतोच, कारण त्यांच्या लेखी ते मीठ आहे. तिथे 'जे' हा शब्द वापरायचा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेला असतो. त्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मासवाल्यांचं आयतंच काम झालं.

दुसरं जेवण त्याच शहरात, 'गा' नावाच्या ठिकाणी. शेफ गरिमा अरोरा मुंबईत वाढलेल्या, आधी पत्रकारिता केलेल्या. २०१८ मध्ये 'मिशेलिन' या हॉटेलांना दर्जा देणाऱ्या मार्गदर्शिकेचा तारा मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला शेफ. आता तारे दोन आहेत. मनात धाकधूक होती की इवल्याशा बशीत इवलासा पदार्थ येईल आणि आपण मान डोलवायची. थोडं तसं झालंही. तिसऱ्या-चौथ्या बशीनंतर ह्यांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, म्हणजे 'रात्री दशमी आहे ना?' पण मग कच्चा फणस आला, सोबत पोळीसारखं काहीतरी आणि लोणची. आईंनी एक घास घेतला आणि घास संपेपर्यंत बोलल्या नाहीत. त्या कणकवलीच्या; फणसाची भाजी त्यांच्या माहेरची, आणि आमच्याकडे नाशकात फणस म्हणजे गरे, एवढंच. तीन तासांच्या त्या जेवणातलं बाकी काही मला आज क्रमाने सांगता येणार नाही. घरी आल्यावर मात्र आईंनी मंडईतून कोवळा फणस आणवला, हाताला तेल लावून चिरला, आणि तेव्हापासून आमच्याकडे वर्षातून दोनदा तरी ती भाजी होते. आरडीवरचं व्याज म्हणायचं.

किमतीबद्दल: बँकॉकच्या बऱ्याच मोठ्या हॉटेलांत मेनूवर आकड्यापुढे दोन अधिक चिन्हं असतात. ती नक्षी नव्हे. १० टक्के सेवा शुल्क आणि त्यावर ७ टक्के व्हॅट. म्हणजे १,००० बाथचा पदार्थ १,१७७ ला पडतो. लंडनला बहुतेक ठिकाणी साडेबारा टक्के सेवा शुल्क बिलातच लावतात, पण ते ऐच्छिक असतं. सेवा वाईट वाटली तर काढायला सांगता येतं. (मी सांगितलं नाही. हिंमत झाली नाही.) आणि कार्ड घासताना मशीनने 'रुपयांत घेऊ का?' असं विचारलं तर नाही म्हणा. तिथल्याच चलनात द्या. रुपयांत दिले की दर मशीनवाल्याच्या मर्जीचा. वर आपल्या बँकेचं परकीय चलनाचं मार्कअप साडेतीन टक्क्यांपर्यंत असू शकतं, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी वेगळा. एकतीस वर्षं लोकांना हे सांगितलं आणि पहिल्या रात्री मी स्वतःच हिरवं बटण दाबलं.

आता तक्रार. एका मोठ्या शहरात, नाव सांगत नाही, येताना दोन दिवस थांबलो होतो. साठाव्या की बासष्टाव्या मजल्यावरचं हॉटेल, खिडकीलगतच्या टेबलाचे वेगळे पैसे, तेही आगाऊ. दारात यांच्या कोल्हापुरी चपलांवर बोट ठेवलं गेलं. पुरुषांची बोटं दिसता कामा नयेत असा नियम. तो साइटवर लिहिला होता, वाचला नाही ही चूक आमची. त्यांनी काळे बूट उसने दिले, दोन नंबर मोठे. हे फटक फटक करत टेबलापर्यंत आले. बसलो आणि काचेबाहेर पाहिलं तर ढग. शहर, समुद्र, दिवे, काही नाही. पांढरं सपाट धुकं. पावसाळ्यात इगतपुरीच्या पुढे कसारा घाटात गाडी बाजूला घेऊन वडापाव खाताना हेच दिसतं, आणि तिथे वड्याबरोबर तळलेली मिरची फुकट मिळते. ढगांचा दोष हॉटेलवर नाही घालत. पण खिडकीच्या पैशाचं काय, म्हणून विचारलं तर 'खिडकी तर दिली ना मॅडम' असं हसून उत्तर मिळालं. शाकाहारी म्हणून मशरूम रिसोटो आला. जगात कुठेही उंचावर जा, शाकाहारी माणसाला मशरूम रिसोटोच देतात, असं माझं ठाम मत झालं आहे. या जेवणाबद्दल घरात बोलणं होतं ते फक्त बुटांमुळे.

चौथं फिरत्या मनोऱ्यावरचं, तेही पटकन उरकते. जमीन फिरते, खिडकी फिरत नाही, एवढं लक्षात ठेवा. मी पर्स खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि सूप संपेपर्यंत ती कुठल्या तरी जर्मन जोडप्याच्या शेजारी जाऊन बसली होती. वेगही ठिकठिकाणी वेगळा असतो: टोरोंटोच्या सीएन टॉवरला एका फेरीला ७२ मिनिटं लागतात, तर व्हिएन्नाच्या डोनाउटुर्ममध्ये २६, ३९ किंवा ५२ मिनिटांची फेरी ठेवता येते. जेवण म्हणाल तर लग्नाच्या हॉलमधल्या बुफेपेक्षा बरं, घरच्यापेक्षा नाही.

झुरिकला मात्र मी परत जाईन, आणि फक्त जेवायला जाईन.

'ब्लिंडेकू' हे तिथलं अंधारातलं हॉटेल १९९९ साली सुरू झालं. जगातलं या प्रकारचं पहिलं कायमस्वरूपी. ते एका अंध पाद्रींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलं आणि आत वाढणारी माणसं अंध किंवा अंधुक दृष्टीची असतात. नावाचा शब्दशः अर्थ 'आंधळी गाय', आणि ते लहान मुलांच्या खेळाचं नाव आहे. कुठल्या? आपल्या आंधळ्या कोशिंबिरीच्या. त्यांनी खेळात गाय घातली, आपण कोशिंबीर. जेवणाच्या दृष्टीने आपलं नाव जास्त योग्य आहे, हे मी तिथल्या बाईंना सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

फोन आणि चमकणारं घड्याळ लॉकरमध्ये ठेवायचं. मग पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून आगगाडी करून आत जायचं. आतला अंधार असा की डोळे मिटले काय आणि उघडले काय. पहिली दोन मिनिटं माझ्या छातीत धडधडलं. ज्यांना बंद जागेची भीती आहे त्यांनी विचार करून जावं. वाढणाऱ्या बाई शांत आवाजात सांगायच्या, ग्लास उजवीकडे, भाकरी डावीकडे (म्हणजे ब्रेड, पण माझ्या कानांनी भाकरीच ऐकलं). पाणी ओतताना ग्लासात बोट घालून ठेवायचं, बोट ओलं झालं की थांबायचं. काट्याने अर्धा घास तोंडात आणि अर्धा मांडीवर, असं दोन-तीनदा झाल्यावर समोरून यांचा काटा बशीत ठेवल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "अहो, काय झालं?" म्हणाले, "काही नाही, हाताने जेवतोय. कोण बघतंय?" मीही काटा ठेवला. बशीत बटाटा होता हे नक्की. उरलेलं काय होतं ते आजवर कळलेलं नाही.

आधी यांनी विनोद केला, "लोडशेडिंगमध्ये हे आपण वर्षानुवर्षं फुकट केलं की." मग पोट भरल्यावर, एरवी जेवताना 'हं' आणि 'मीठ दे' यापलीकडे न बोलणारा हा माणूस, अंबडला पहिलं लेथ मशीन घेतलं तेव्हा वडिलांना कर्जाचा खरा आकडा कसा सांगितला नव्हता, ते सांगायला लागला. मलाही तो आकडा माहीत नव्हता, आणि मी तर बँकेत होते. त्यांचा चेहरा दिसत नव्हता म्हणून मी मध्ये बोलले नाही. दिसला असता तर नक्की बोलले असते.

याचा 'वापर' अजून चालू आहे. यंदा जूनच्या पहिल्या वळवाच्या पावसात आमच्या भागातली वीज गेली, इन्व्हर्टरचा दिवा लागला, आणि यांनी उठून तो बंद केला. आई म्हणाल्या, "दिवा का घालवलास रे?" तर म्हणाले, "थांब गं, जेवून बघ." पिठलं-भात होता. आईंना ते सोंग वाटलं, पण जेवल्या.

सहावं लंडनचं, लेकीच्या पदवीदानानंतर. तिने आम्हाला नेलं 'डिशूम'ला. मुंबईच्या इराणी कॅफेच्या धर्तीवर २०१० साली सुरू झालेलं, आता अनेक शाखा असलेलं. आम्ही किंग्ज क्रॉसच्या शाखेत गेलो, रेल्वेच्या मालाच्या जुन्या शेडमध्ये आहे ती. बाहेर रांग, रांगेत उभं असताना चहा मिळाला, हे आवडलं. पण मी मनातून रुसले होते. इराण्याकडे जायला विमानाने लंडनला यायचं? लहानपणी वडील कामासाठी मुंबईला न्यायचे तेव्हा व्हीटीजवळच्या इराण्याकडे ब्रून-मस्का चहात बुडवून खायचो. तिथे पंख्याला आवाज होता, टेबलावरच्या काचेखाली माशी अडकलेली होती आणि गल्ल्यावरचा इराणी कुणावर तरी खेकसत असायचा. डिशूममध्ये पंखे होते, संगमरवर होता, जुने फोटो होते. खेकसणारं कुणी नव्हतं. लेक मात्र खूश. तिचा जन्म २००१ चा, तिने असला इराणी कधी पाहिलाच नाही, तिच्यासाठी हाच खरा. काळी डाळ चोवीस तास शिजवतात म्हणे, आणि ती खाल्ल्यावर मी रुसवा सोडला. घरी करून पाहिली, आठ तास. सिलिंडर बघून थांबले.

या सहांतलं परत कुठलं, असं कोणी विचारलं तर माझी झुरिक, यांची झुरिक, आईंची बँकॉक. त्यांच्या जुन्या नर्सबाईंची दर महिन्याला भिशी असते, तिथे त्या तीन पाकिटांपैकी दोन फिरून आली आहेत. तिसरं देव्हाऱ्याखालच्या खणात, औषधांच्या डब्यात आहे. परवा मी डबा आवरताना म्हटलं, "आई, याची मुदत पुढच्या वर्षी संपेल." तर म्हणाल्या, "मग झग्याला लावू."

जानेवारीपासून नवी आरडी चालू केली आहे. लेकीने मालदीवमधल्या 'इथा'चा दुवा पाठवलाय: समुद्रसपाटीच्या पाच मीटर खाली, वर पारदर्शक ॲक्रिलिकचं छत, जेमतेम १४ जणांची जागा, २००५ पासून चालू आहे. हे दोन दिवस तोच व्हिडिओ बघतायत. काल रात्री त्यांनी तो आईंना दाखवला, मासे डोक्यावरून जाताना. आईंनी शेवटपर्यंत बघितला आणि फोन परत दिला. (आमच्या नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि पूर किती चढला ते नदीतल्या दुतोंड्या मारुतीवरून मोजतात.)

"पाण्याखाली बसून जेवायला मालदीव कशाला? गंगेला पूर येऊ दे, दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला पाणी लागलं की भांडी बाजारात जाऊन बस."