मरेक्सची लस ‘दिलेली’ पिल्लं: पाचपैकी दोन तारे

आधी चांगलं सांगतो. कोंबडीची पिल्लं वेळेवर आली. रात्री गाडीत टाकली, सकाळी सहाला सेलूला खोके उतरले. शेकडा दोन जादा होतीच, वाटेत चारच मेली. सांगितली ती ग्रामप्रिया जातच निघाली, दुसरं काही गळ्यात मारलं नाही. फोन पहिल्या रिंगला उचलतात. हॅचरीचं (अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्यांचं) नाव लिहीत नाही, कारण यातलं थोडं पाप माझ्याही पदरात आहे.

मरेक्स हा कोंबड्यांचा रोग. बिलावर ‘मरेक्स लस’ म्हणून पिल्लामागं वेगळे पैसे लावलेले. बॅच नंबर नाही, तारीख नाही. विचारलं तर, "भाऊ, आमचं पिल्लू लसीशिवाय बाहेरच पडत नाही."

चौदाव्या आठवड्यात माय म्हणाली, "ही कोंबडी फेंगडी चालायलीय बघ." दोन दिवसांत ती बसलीच. एक पाय पुढं, एक मागं. मला वाटलं कॅल्शियम कमी पडलं. दुकानदारानं टॉनिकची बाटली दिली, ती वाया गेली. महिनाभरात ४१ कोंबड्या गेल्या, त्याही अंड्यावर यायच्या तोंडावर.

दोन मेलेल्या आणि एक जिवंत घेऊन परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठलं. सरांनी मांडीतली नस उघडून दाखवली. उजवी दोऱ्यासारखी, डावी सुतळीएवढी जाड आणि पिवळट. कलेजीवर पांढुरक्या गाठी. म्हणाले, "कॅन्सर आहे. विषाणूनं केलेला."

झूलॉजीत बी.एस्सी. केलेला माणूस मी, आणि टॉनिक पाजत बसलो होतो. घरी येऊन वाचत सुटलो. कोंबड्यांचा हा लुळेपणा हंगेरीच्या योझेफ मारेक यांनी १९०७ साली नोंदवला, म्हणून रोगाचं नाव मरेक्स. विषाणू हर्पिसच्या कुळातला. तो ‘मेक’ नावाचं एक प्रथिन बनवतो. विषाणू टी पेशीत (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीत) शिरला की हे प्रथिन तिच्याच ‘जून’ या प्रथिनाशी जोडी जमवतं आणि पेशीची वाढ सुरू करणारी जनुकं चालू करून ठेवतं. पेशी मग थांबायचं नावच घेत नाही. २००४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मेकचं जनुक काढून टाकलेला विषाणू कोंबड्यांना टोचला. विषाणू अंगात वाढला, पण गाठी झाल्या नाहीत. हे मी दोनदा वाचलं. एवढा मोठा विषाणू, आणि गाठीचा सगळा खेळ त्या एका प्रथिनावर!

पावडरच्या लसीतला विषाणू टर्की पक्ष्याचा असतो, त्याच्यात मेक नाहीच. पण ही लस गाठी अडवते, लागण अडवत नाही. शिवाय अंगात ताकद यायला आठवडाभर तरी लागतो. खरा विषाणू पिसांच्या कोंड्यातून, धुळीतून शेडमध्ये महिनोन्‌महिने टिकतो. आणि मी मागच्या लॉटचा भुसा वरवर लोटून त्यावरच नवा टाकला होता. पाप म्हणालो ते हेच.

तरी दोनच तारे का? लसीची पावडर तिच्यासोबतच्या द्रावणात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून फोन करून विचारलं, "मिसळलेली बाटली किती वेळ चालवता?"

"संपेपर्यंत. टाकून कशी द्यायची भाऊ?"

तिथंच तीन तारे गेले.

इथून पिल्लं घ्यायचीच असतील तर टोचायच्या दिवशी स्वतः जाऊन उभं राहा, नाहीतर बॅच नंबर आणि लस मिसळल्याची वेळ बिलावर लिहून घ्या. मी मागितली तर म्हणाले, असं मागणारे तुम्ही पहिलेच. भरपाईचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

उरलेल्या अंड्यावर आल्यात. माणसाला हा रोग होत नाही, अंड्यातूनही पसरत नाही. शेजारच्या मामींना हे चार वेळा सांगून झालं. अंडी नेतात, पण पिशवी अशी लांब धरतात की जणू आत विंचू आहे.