नाकाच्या ऑपरेशननंतरची धडपड: नर्व्ह ब्लॉक घ्यावा की डेक्सची ड्रिप?

नाकाचा पडदा सरळ करायचं किंवा दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन ठरलं की कोणीतरी हमखास सांगतं, आमचा पेशंट भुलीतून उठताना नुसता थैमान घालत होता, चौघांनी धरून ठेवला तरी सलाईन उपसलं. घाबरवायला सांगत नाहीत, हे खरंच होतं, आणि नाकाच्या ऑपरेशनात जरा जास्तच होतं. माणूस अर्धवट शुद्धीत, नाक दोन्हीकडून पॅकने, म्हणजे रक्त थांबवायला कोंबलेल्या बोळ्यांनी, गच्च, घशात नळी, वर दुखतंय, मग गुदमरल्यासारखं वाटून हातपाय झाडणारच ना! तरुण पुरुष, सिगरेट ओढणारे, लघवीची नळी घातलेले आणि सेव्होफ्लुरेनसारख्या गॅसवर भूल दिलेले यांच्यात हे जास्त दिसतं. बहुतेक जण काही मिनिटांत शांत होतात पण तेवढ्यात पॅक ओढला तर रक्तस्राव, ट्रॉलीवरून पडला तर वेगळीच भानगड.

यावर दोन पर्याय जास्त चर्चेत असतात, नर्व्ह ब्लॉक आणि डेक्सची ड्रिप. नर्व्ह ब्लॉकमध्ये पेशंट झोपल्यावर, म्हणजे सुई कळतच नाही, नाकाच्या संवेदना नेणाऱ्या नसांजवळ बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध सोडतात. एक जागा डोळ्याखाली गालाच्या हाडाशी, आणि दुसरी नाकाच्या मागे खोलवर स्फेनोपॅलेटाइन गँग्लियन, म्हणजे नसांचा गुच्छ, तिथे टाळूतल्या शेवटच्या दाढेजवळच्या भोकातून किंवा नाकातून पोचतात. टाळूतून जाताना सुई साधारण 25 मिलिमीटरवर वाकवून घेतात, म्हणजे ती त्यापुढे जात नाही, कारण पुढे डोळ्याची खोबण जवळ आहे. इथेच हातखंडा लागतो. क्वचित रक्त साकळतं, काही वेळ डबल दिसतं, डोळ्याला गंभीर इजा फारच दुर्मिळ. असर काही तास टिकतो, टाळू आणि वरचा ओठ बधिर राहतो, त्यामुळे तोवर गरम चहा नको, भाजलेलं कळणार नाही.

डेक्समेडेटोमिडिन हे गुंगी आणणारं औषध, बोलताना सगळे डेक्सच म्हणतात, ते ड्रिपमधून देतात. सुईचं कौशल्य लागत नाही, पेशंट झोपल्यासारखा शांत उठतो, श्वास फारसा मंदावत नाही, आणि बीपी खाली राहिल्याने नाकात रक्त कमी म्हणून सर्जनही खूश. पण नाडी मंदावते, बीपी जास्तच पडू शकतं आणि रिकव्हरीत पेशंट बराच वेळ पेंगत राहतो. हार्ट ब्लॉक (हृदयातले विद्युत संदेश अडण्याचा आजार) असेल किंवा बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणाऱ्या गोळ्या) चालू असेल तर जपूनच.

माझं मत विचाराल तर संध्याकाळी घरी जायचंय, घोरण्याचा, स्लीप ॲप्नियाचा म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा त्रास आहे, आणि भूलतज्ज्ञ किंवा सर्जनचा ब्लॉकवर हात बसलाय, तर ब्लॉक. दुखणं मुळातच कमी, फेंटानिलसारखी जोरदार वेदनाशामक औषधं कमी लागतात, म्हणून उलट्याही कमी, आणि नाक बंद असताना पेंगण्यापेक्षा टक्क जागं असलेलं बरं. अभ्यासांमध्येही ब्लॉक दिलेल्यांची धडपड कमी दिसते, पण ते छोटे आहेत, गॅरंटी म्हणून घेऊ नका. हात बसलेला नसेल तर मात्र हट्ट धरू नका, डेक्स घ्या, किंवा गॅसऐवजी शिरेतून प्रोपोफॉलच्या पंपावर भूल देता येईल का ते विचारा, त्यानेही फरक पडतो. ब्लॉक आणि डेक्स दोन्ही एकत्र देणारेही आहेत.

एक गोष्ट मात्र ब्लॉकने जात नाही, नाक चोंदल्याची घुसमट. ती दुखण्यातून येत नाही, पॅकमुळे येते. म्हणून आदल्या दिवशी नाक चिमटीत धरून पाच मिनिटं तोंडाने श्वास घेऊन बघा, आणि उठाल तेव्हा नाक बंदच असणार हे घरच्यांनी पेशंटला दोनतीनदा सांगून ठेवा, अगदी ऑपरेशन थिएटरात नेईपर्यंत.

आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हा सगळा विचार करण्याआधी तेच सांगा, कारण मग खोलवरचा ब्लॉक बहुधा बादच होतो.