मारामारोश परगण्याचा जुना नकाशा: छपाई उत्तम, माहितीपत्रक अपुरे

जुन्या नकाशांच्या छापील प्रती घरपोच पाठवणाऱ्या एका ऑनलाइन दुकानातून मी मे महिन्यात हंगेरीच्या मारामारोश परगण्याचा नकाशा मागवला. सुमारे दोन फूट रुंदीची ही प्रत टपालखर्चासह १,४५० रुपयांना पडली. पावसाळाभर ती शिरोड्यातल्या आमच्या माजघराच्या भिंतीवर होती, त्यामुळे तिच्याविषयी आता खात्रीने लिहिता येते.

हाच परगणा का, याचे कारण मीठ. आमच्या तीन पिढ्या मिठागरावर राबल्या, आणि ज्या गावात १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, तिथे मीठ म्हणजे खाडीचे पाणी आणि ऊन हेच समीकरण पक्के असते. नकाशा उलगडला तेव्हा आमच्या आतेने विचारलेही, "डोंगरात मीठ खंय गावता?" कार्पेथियन डोंगरांतल्या या मुलखात ते जमिनीखाली सापडते, कारण एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी तिथे असलेला समुद्र आटला आणि त्याचे मीठ थरांखाली गाडले गेले. हे मीठ खणून काढून तिसा नदीतून खाली हंगेरीतल्या सोल्नोक आणि सेगेद या शहरांच्या वखारींपर्यंत नेत असत.

छपाईबद्दल तक्रारीला जागा नाही. उतार बारीक रेघोट्यांनी दाखवले आहेत आणि भिंग लावले तरी त्या एकमेकींत मिसळत नाहीत. काळी तिसा आणि पांढरी तिसा राहो गावाच्या वर एकत्र येतात ती जागा स्पष्ट दिसते, आणि पुढे इझा नदी जिथे तिसेला मिळते तिथे परगण्याचे मुख्य ठिकाण मारामारोश-सिगेत ठळक अक्षरांत आहे. त्याच्या आसपास अक्नास्लातिना, अक्नाशुगातग अशी नावे आढळतात. हंगेरियन भाषेत 'अक्ना' म्हणजे खाणीची विहीर, त्यामुळे खाणीची गावे नावावरूनच ओळखता येतात. उत्तरेला गॅलिसिया आणि पूर्वेला बुकोविना हे ऑस्ट्रियाच्या ताब्यातले प्रांत येतात, म्हणजे मारामारोश त्या काळीही सीमेवरचाच मुलूख होता. हंगेरियन लोक परगण्याला 'वारमेद्ये' म्हणतात आणि त्यातल्या 'वार'चा अर्थ गड असा आहे. गडावरून मुलूख ओळखण्याची रीत आपल्याला परकी नाही.

माझी खरी नाराजी सोबतच्या माहितीपत्रकावर आहे. त्यात हा 'रुमानियाचा जुना जिल्हा' असल्याचे छापले आहे, आणि ते अर्धेच खरे आहे. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीशी झालेल्या १९२० च्या त्रियानोन तहानंतर परगण्याचा उत्तरेकडचा मोठा भाग चेकोस्लोव्हाकियाकडे गेला, तर सिगेतसह दक्षिणेचा भाग रुमानियाला मिळाला, आणि तिसेचा काही पट्टा सीमा बनला. १९३९ आणि १९४० मध्ये हंगेरीने दोन्ही भाग परत घेतले, पण दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर भाग सोव्हिएत संघात गेला आणि आज तो युक्रेनमध्ये आहे. अक्नास्लातिना, म्हणजे आजचे सोलोत्विनो, सिगेतच्या अगदी समोर नदीपलीकडे आहे. नकाशावर त्यांच्यामध्ये निळ्या रेघेखेरीज काही नाही, आणि या प्रतीचे मोल मला त्यातच वाटते. सिगेत हे नाझी छळछावणीतून वाचलेले ज्यू लेखक एली वीझेल यांचे जन्मगाव. १९४४ मध्ये तिथल्या ज्यू रहिवाशांना आउश्विट्झच्या नाझी छळछावणीत पाठवण्यात आले. त्याबद्दल पत्रकात एक अक्षरही नसावे, हे मनाला लागते. मी दुकानाला सविस्तर ईमेल लिहिले. त्यांनी नम्रपणे दुरुस्तीचे आश्वासन दिले, पण गेल्या आठवड्यात एका मित्राला आलेल्या प्रतीसोबत जुनेच पत्रक होते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कागद जाड आणि सुती आहे, त्यामुळे तो दमट हवा शोषतो. जुलैत काचेला चिकटून खालचा कोपरा फुगला. मग फ्रेमवाल्याकडून काच आणि कागदाच्या मध्ये माउंटची पट्टी बसवून घेतली, मागचा पुठ्ठा बदलला आणि फ्रेम भिंतीपासून बोटभर पुढे टांगली. त्यानंतर बुरशी धरलेली नाही. प्रत गुंडाळी करून नळकांड्यातून येते, तेव्हा ती दोन दिवस जड पुस्तकांखाली सपाट करूनच फ्रेमवाल्याकडे न्यावी.