अमेरिका असं का वागते? वास्तववाद घ्यावा की उदारमतवाद

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी अमेरिकेचं परराष्ट्र धोरण घेतलंय आणि गाईड विचारतायत, सैद्धांतिक चौकट कुठली? किंवा यूपीएससीला राज्यशास्त्र ऐच्छिक आहे आणि महासत्तेच्या एखाद्या निर्णयाचं विश्लेषण करायचंय. दोन्हीकडे गाडी एकाच जागी अडते. बरेच जण आधी वास्तववादाची ओळख लिहितात, मग उदारमतवादाची, आणि शेवटी ‘दोन्ही सिद्धांत परस्परांना पूरक आहेत’ असं म्हणून पेन खाली ठेवतात. त्या वाक्यातून तो निर्णय का झाला हे तसूभरही कळत नाही. चौकट निवडावीच लागते. निवडताना माझ्या मते एक प्रश्न आधी विचारावा: त्या घडीला त्या देशापुढे खरोखर किती वाटा मोकळ्या होत्या?

वास्तववादाचा सगळा भर दडपणावर आहे. राष्ट्रांच्या डोक्यावर कोणी सरकार नाही, संकटात हाक मारावी असा पोलीस नाही, म्हणून ज्याने त्याने आपली सुरक्षा आपणच पाहायची. समोरच्याच्या मनात काय आहे ते कळत नाही, म्हणून त्याची ताकद मोजायची. हॅन्स मॉर्गेन्थाऊ यांनी याचं मूळ माणसाच्या सत्तेच्या ओढीत शोधलं. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये ते जागतिक व्यवस्थेच्या रचनेत नेलं. तिथे देशात लोकशाही आहे की लष्करशाही याला फारसं महत्त्व उरत नाही.

आता यातली गोम पाहा. दडपण सर्वांवर सारखं नसतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फिनलंडला शेजारच्या सोव्हिएत संघाकडे पाहूनच प्रत्येक पाऊल टाकावं लागलं, तिथे वास्तववाद चपखल बसतो. अमेरिकेच्या दोन बाजूंना महासागर आहेत आणि शेजार कॅनडा-मेक्सिकोचा. तिला चुका परवडतात. म्हणजे महासत्तांचा म्हणून ओळखला जाणारा हा सिद्धांत, देश जितका बलाढ्य तितका त्याच्या एकेका निर्णयाबाबत सैल पडत जातो. आपला सिद्धांत आंतरराष्ट्रीय राजकारणाचा आहे, कोण्या एका देशाच्या परराष्ट्र धोरणाचा नाही, हे वॉल्ट्झ स्वतः बजावत आले. विद्यार्थ्यांच्या नोट्समधून नेमकी हीच गोष्ट गळते.

उदारमतवाद देशाच्या आत शिरतो. राज्यसंस्था एकसंध नसते. संसद, उद्योग, वृत्तपत्रं, मतदार आणि वेगवेगळी खाती यांच्या ओढाताणीतून ‘राष्ट्रहित’ ठरतं, असं तो मानतो. बाहेर व्यापार आणि आंतरराष्ट्रीय संस्था हात बांधतात किंवा मोकळे करतात. त्याच्या तीन शाखा मात्र वेगळ्या ठेवा. लोकशाही देश आपसात लढत नाहीत ही एक (तत्त्वज्ञ कांटपासून आजचे अभ्यासक मायकेल डॉईल यांच्यापर्यंत), व्यापाराने परस्परावलंबन वाढतं ही दुसरी, संस्थांमुळे सहकार्य टिकतं ही तिसरी. यातल्या दोन शाखा एकाच घटनेबद्दल परस्परविरुद्ध बोलू शकतात. त्यामुळे नुसतं ‘उदारमतवादानुसार’ लिहिलं की उत्तर तिथेच ढिलं पडतं.

१९७१: दोन्ही सिद्धांतांची खरी परीक्षा

एकच प्रकरण घ्यायचं तर मी १९७१ चं बांगलादेश युद्ध घेईन. आपल्याला ते भारताच्या बाजूने पाठ असतं; वॉशिंग्टनच्या बाजूने पाहिलं की चौकटींचा कस लागतो.

२५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, ढाक्यात, कत्तल सुरू केली. तिथले अमेरिकन कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड रोज अहवाल पाठवत होते. ६ एप्रिलला त्यांच्या कार्यालयातून एक तार गेली. तिच्यावर वीस अमेरिकन अधिकाऱ्यांची नावं होती आणि आपलं सरकार नैतिक दिवाळखोरी दाखवत आहे असा स्पष्ट ठपका होता. ब्लड यांना ढाक्यातून हलवण्यात आलं. एप्रिलअखेर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांनी अध्यक्ष निक्सन यांच्यापुढे तीन पर्याय ठेवले. निक्सन यांनी पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखानला सांभाळून घेणारा पर्याय निवडला आणि कागदावर स्वतःच्या हाताने शेरा मारला: सर्वांना कळावं, सध्या याह्याला पिळू नका. त्यातल्या नकाराखाली त्यांनी तीन रेघा ओढल्या.

वास्तववादाला इथे उत्तर तयार आहे, आणि ते भक्कम आहे. याह्याखान हा चीनकडे जाणारा पूल होता. जुलैमध्ये किसिंजर इस्लामाबादहून गुपचूप बीजिंगला गेले, आणि १५ जुलैला निक्सन यांनी आपण चीनला जाणार असल्याचं जाहीर केलं. सोव्हिएत संघाविरुद्ध चीनला आपल्याकडे ओढणं म्हणजे सत्तासमतोलाचं पाठ्यपुस्तकी उदाहरण. त्यापुढे ढाक्यातल्या मृतांचा हिशेब कोणी मांडला नाही. जगातली सर्वांत जुन्या लोकशाहींपैकी एक एका लष्करशहाच्या पाठीशी उभी राहिली आणि सर्वांत मोठ्या लोकशाहीच्या विरोधात गेली. लोकशाहीवर भिस्त ठेवणाऱ्या शाखेला याचं उत्तर देणं जड जातं.

पण तारखा जुळवून पाहा. जुलैनंतर बीजिंगशी थेट संपर्क झाला होता, पुलाची गरज संपत आली होती. तरी पाकिस्तानकडचा कल कमी झाला नाही, उलट डिसेंबरात ‘एंटरप्राइझ’ या विमानवाहू नौकेसह आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं. वास्तववादी म्हणेल, जुन्या मित्राला वाऱ्यावर सोडलं असतं तर चीनने विश्वास ठेवला नसता. हा युक्तिवाद टाकाऊ नाही; किसिंजर यांनी डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये चीनच्या प्रतिनिधीला भेटून भारताविरुद्ध हालचाल करायला उत्तेजनही दिलं होतं. तरी एक गोष्ट उरतेच. ध्वनिमुद्रित संभाषणांत निक्सन इंदिरा गांधींबद्दल आणि एकूणच भारतीयांबद्दल ज्या भाषेत बोलतात, तो तिरस्कार कुठल्याच सत्तासमतोलात बसत नाही. तो व्यक्तीचा भाग आहे आणि लघुप्रबंधात तो तसाच, वेगळा नोंदवावा. ओढूनताणून सिद्धांतात कोंबू नये.

उदारमतवाद १९७१ मध्ये कामाला येतो तो दुसऱ्या प्रश्नासाठी: निक्सनना हवं होतं ते सगळं करता का आलं नाही? सिनेटर एडवर्ड केनेडी ऑगस्टमध्ये बंगालमधल्या निर्वासितांच्या छावण्या स्वतः फिरून आले आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, आवाज चढला. पाकिस्तानला शस्त्रं देण्यावर कायद्याची बंधनं होती. म्हणून युद्धाच्या दिवसांत जॉर्डन आणि इराणकडची अमेरिकन बनावटीची विमानं आडवाटेने पाकिस्तानला पोचवायचा घाट घातला गेला, आणि हे बेकायदेशीर आहे असं खात्यांतले अधिकारी सांगत होते. जे उजळ माथ्याने करता येत नाही ते लपून करावं लागतं, आणि लपून केलेलं नेहमी थोडकंच होतं. पुढे बैठकांची गुप्त इतिवृत्तं पत्रकार जॅक अँडरसन यांच्या हाती लागली आणि अमेरिकी सरकारचा तटस्थतेचा दावा उघडा पडला. निर्णय वास्तववादाने समजतो, त्याला पडलेली वेसण उदारमतवादाने. यात मला शंका नाही, आणि याला मी ‘पूरक’ म्हणणार नाही. प्रश्नच दोन वेगळे आहेत.

इराक म्हणजे तेल, तेल म्हणजे वास्तववाद?

हे समीकरण इतकं रुळलंय की त्यावर थोडं थांबायला हवं. २००३ चं इराक युद्ध वास्तववादाने समजावणाऱ्या उत्तरांना एक साधी वस्तुस्थिती आडवी येते. २६ सप्टेंबर २००२ रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पैसे भरून एक जाहिरात छापली गेली: इराकशी युद्ध अमेरिकेच्या राष्ट्रहिताचं नाही. खाली ३३ अभ्यासकांच्या सह्या. त्यांत वॉल्ट्झ होते, जॉन मिअरशायमर होते, स्टीफन वॉल्ट होते, म्हणजे वास्तववादाचं जवळजवळ अख्खं घराणं. त्यांचं म्हणणं असं की सद्दामला धाकात ठेवता येतं, तो आत्मघात करणार नाही. व्हिएतनाम युद्धालाही मॉर्गेन्थाऊ यांनी असाच जाहीर विरोध केला होता.

यातून एक मोठी अडचण पुढे येते. राष्ट्रं सत्तेच्या हिशेबाने वागतात हा जर नियम असेल, तर वास्तववाद्यांना सरकारला तसं वागण्याची विनवणी का करावी लागते? वास्तववाद बरेचदा निर्णयाचं स्पष्टीकरण नसून सल्ला असतो. राष्ट्रं काय करतात आणि त्यांनी काय करायला हवं, ही सरमिसळ तुमच्या लिखाणात झाली तर चांगला परीक्षक तिथेच बोट ठेवील.

मग इराकला उदारमतवाद लावावा का? लावा, पण शाखा सांगून. लोकशाही रुजवली की मध्यपूर्व शांत होईल ही कल्पना बुश प्रशासनात खरोखर वजन राखून होती, आणि ती थेट लोकशाही-शांततेच्या शाखेतून येते. संस्थांची शाखा मात्र इथे तोंडघशी पडते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने नोव्हेंबर २००२ मध्ये इराकला निःशस्त्रीकरणाची अखेरची संधी देणारा ठराव क्रमांक १४४१ एकमताने केला, पण युद्धाला स्पष्ट मान्यता देणारा दुसरा ठराव मिळत नाही म्हटल्यावर अमेरिका त्याच्याविनाच निघाली. संस्थेला विचारलं जरूर, ऐकलं नाही. हे तिला करता आलं, कारण अडवणारं तुल्यबळ कोणी नव्हतं. दडपण नव्हतं म्हणून कल्पनांना आणि माणसांना वाव मिळाला.

नाटो या अमेरिकेच्या पुढाकारातल्या लष्करी आघाडीच्या विस्तारातही हेच दिसतं. १९९९ मध्ये पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक आत आले, २००४ मध्ये आणखी सात देश, आणि २००८ च्या बुखारेस्ट परिषदेत युक्रेन व जॉर्जियाला पुढे कधीतरी सदस्य करण्याचं आश्वासन दिलं गेलं. अमेरिकेचे जुने मुत्सद्दी जॉर्ज केनन यांनी १९९७ मध्येच ही घोडचूक ठरेल असं लिहिलं होतं. रशिया कशी प्रतिक्रिया देईल याचा अंदाज वास्तववाद्यांनी बरोबर बांधला. पण रशिया सर्वांत दुबळा असताना अमेरिकेने विस्तार मुळात केला का, हे त्यांच्या सिद्धांतातून निघत नाही. मिअरशायमर यांचंच उत्तर ऐकण्यासारखं आहे: प्रतिस्पर्धी उरला नाही म्हणून अमेरिका उदारमतवादी स्वप्नांमागे धावली. म्हणजे आजचा सर्वांत कडवा वास्तववादी शीतयुद्धानंतरच्या अमेरिकेचे निर्णय समजावताना उदारमतवादाचाच आधार घेतो, तो चुकीचा आहे असं म्हणत का होईना.

चीनबाबत काळच दोन तुकड्यांत पडतो. २००० साली काँग्रेसने चीनला कायमचा सामान्य व्यापारी दर्जा दिला आणि डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. त्यामागे उद्योगांचा रेटा होता आणि व्यापाराने चीन बदलेल ही आशा होती. ट्रम्प यांनी २०१८ मध्ये चिनी मालावर लावलेली आयातशुल्कं, ती बायडेन यांनीही बहुतांशी कायम ठेवणं, ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रगत चिप्सवर आलेली बंधनं, हे सगळं पक्ष बदलूनही सुरूच राहिलं. पक्ष बदलला तरी धोरण बदलत नाही, तेव्हा कारण बाहेरच्या दडपणात शोधावं. चीन तुल्यबळ होऊ लागला तशा अमेरिकेच्या वाटा कमी झाल्या आणि वास्तववादाची पकड परत आली.

अणुकरार: भारतीय विद्यार्थ्याला सर्वांत सोयीचा विषय

अजून विषय ठरला नसेल तर भारत-अमेरिका अणुकराराचा विचार जरूर करा. जुलै २००५ मध्ये नागरी अणुसहकार्यावर बुश आणि मनमोहन सिंग यांचं संयुक्त निवेदन आलं. बुश यांनी हे का केलं? वाढत्या चीनसमोर भारत उभा राहावा म्हणून, हे वास्तववादी उत्तर पुरेसं आहे. पण मग तीन वर्षं का लागली? १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेनेच पुढाकार घेऊन अणुपुरवठादार देशांचा गट उभा केला होता. त्याचे नियम एकमताने चालत, आणि २००८ मध्ये भारताला त्यातून सूट देण्यावरून त्या ४५ देशांत ऑस्ट्रिया, आयर्लंड, न्यूझीलंड यांसारख्या छोट्या देशांनी महासत्तेला ताटकळत ठेवलं. घरात काँग्रेसने २००६ मध्ये हाइड कायदा करून अटी घातल्या. अमेरिकेतल्या भारतीयांनी खासदारांच्या दारी खेटे घातले. इकडे डॉ. अनिल काकोडकर आणि अणुऊर्जा खातं कुठल्या अणुभट्ट्या नागरी, म्हणजे आंतरराष्ट्रीय तपासणीखालच्या, यादीत टाकायच्या यावर अडून बसलं, आणि २२ पैकी १४ वर तडजोड झाली. करार झालाच का याला वास्तववाद, आणि तो याच रूपात का झाला याला संस्थांची शाखा. माझ्या माहितीत इतकी स्वच्छ विभागणी दुसऱ्या प्रकरणात होत नाही.

निवडीत साधनांचाही विचार करा. वास्तववादावर लिहायचं तर निर्णयकर्त्यांच्या डोक्यात सत्तेचा हिशेब खरोखर होता, हे दाखवावं लागतं. नाहीतर निर्णय झाल्यावर कशालाही ‘राष्ट्रहित’ म्हणता येतं. त्यासाठी गुप्ततेतून मोकळी झालेली कागदपत्रं लागतात. निक्सन काळातली ती अमेरिकी परराष्ट्र खात्याने इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत, १९७१ च्या उपखंडातल्या संकटावर तर स्वतंत्र खंड आहे. २००१ नंतरच्या विषयांत तशी कागदपत्रं फार तुटपुंजी मिळतात. याउलट काँग्रेसमधली मतदानं, समित्यांपुढच्या साक्षी, उद्योगसंघटनांची निवेदनं उघड असतात, म्हणजे ताज्या विषयावर उदारमतवादी मांडणी पुराव्यानिशी करणं सोपं जातं. तिथेही एक पथ्य पाळा. दबावगट सापडला म्हणजे त्याच्यामुळेच निर्णय झाला असं होत नाही. त्याचं म्हणणं सरकारच्या आधीच्या भूमिकेच्या विरुद्ध होतं आणि तरी ते मान्य झालं, अशी जागा दाखवा. ती सापडली नाही तर विषय बदलायला अजून वेळ आहे का, ते गाईडना लवकर विचारून घ्या.