रेडिएटरचं फक्त डोकं बदललं, बिल अख्ख्या व्हॉल्व्हचं

इंग्लंडात जुन्या घरात राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहितेय. थंडी तोंडावर आली की हीटिंगवाल्यांची पत्रकं दारात पडू लागतात. अशाच एका पत्रकवाल्याने लेस्टरच्या आमच्या घरात 650 पौंड लाटले.

वरच्या खोलीतला रेडिएटर, म्हणजे बॉयलरच्या गरम पाण्याने खोली तापवणारी भिंतीवरची पोलादी पेटी, तापत नव्हता. आम्ही दोघं कामावर, घरी साताऱ्याहून आलेले सासू-सासरे. त्या माणसाने रेडिएटरमधलं पाणी बरणीत काढून सासऱ्यांपुढे धरलं. काळंकुट्ट, शाईसारखं. "अख्खी सिस्टिम सडलीय, आजच केलं नाही तर बॉयलर जाईल," असं म्हणून त्यांना घाबरवलं आणि मग फोनवर आम्हाला. म्हातारी माणसं गारठतील या काळजीने आम्ही क्रेडिट कार्डावर पैसे भरले.

खरं तर नुसत्या काळ्या पाण्याने अख्खी सिस्टिम सडलीय असं सिद्ध होत नाही. पोलादी रेडिएटर आतून गंजतात, त्याची बारीक काळी पूड पाण्यात उतरते. जुन्या सिस्टिममध्ये असं पाणी अनेकदा निघतं. हात लावून बघा. वरून गार, खालून गरम असेल तर बहुधा हवा अडकलेली असते. खालून गार असेल तर गाळ. आमचा वरपासून खालपर्यंत गार होता आणि व्हॉल्व्हपर्यंतचा पाइप मात्र चांगला गरम. म्हणजे दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये.

बिलात पॉवर फ्लशचे (मशीनने सिस्टिम आतून धुण्याचे) 380 पौंड आणि सहा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खोलीच्या तापमानानुसार रेडिएटरचं पाणी कमी-जास्त करणाऱ्या तोट्या) 'काढून नवे बसवले' म्हणून 270. संध्याकाळी तो रेडिएटर तसाच गार! शेजारी एक निवृत्त प्लंबर राहतात, त्यांना बोलावलं. त्यांनी खाली बसून टॉर्च मारला. वर आकडे लिहिलेलं नवंकोरं प्लॅस्टिकचं डोकं, खाली पितळी नट. नट आणि पाइप यांच्यावर सलग एकच जुना रंग, सांध्यावर बारीकशी चीरसुद्धा नाही. पाना लागला असता तर रंगाचा टवका उडालाच असता. सहाही ठिकाणी तेच. डोकं हाताने फिरवून निघतं, पाण्याचा थेंब सांडत नाही. अख्खा व्हॉल्व्ह बदलायचा तर एरवी सिस्टिममधलं पाणी उतरवावं लागतं, आणि ते त्याने केलंच नव्हतं.

डोकं काढल्यावर आत एक बारीक पिन दिसते. उन्हाळाभर व्हॉल्व्ह बंद राहिला की ती आत अडकून बसते. शेजाऱ्यांनी पान्याच्या सपाट बाजूने ती हलकेच दाबली, व्हॉल्व्हच्या अंगावर दोन टिचक्या मारल्या. पिन वर आली, रेडिएटर तापला. पिन पकडीने ओढू मात्र नका, पाण्याची चिळकांडी उडू शकते. उन्हाळ्यात हे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवावेत, असं ते म्हणाले.

फ्लशचंही तेच. खऱ्या पॉवर फ्लशला मशीन जोडून एकेक रेडिएटर धुतात, पाणी स्वच्छ येईपर्यंत. दिवसाचा बराचसा वेळ त्यातच जातो. शेवटी गंजरोधक द्रव घालतात. हा माणूस सासूबाईंचा चहा पिऊन तासाभरात गेला होता. आम्ही हीटिंग बंद करून, गार झाल्यावर रेडिएटर कीने वरचा स्क्रू सैल केला आणि खाली पांढरं फडकं धरलं. पाणी तसंच काळं. ही चौकोनी तोंडाची किल्ली हार्डवेअरच्या दुकानात एक-दोन पौंडांत मिळते, घरात असू द्या. स्क्रू आवळल्यावर बॉयलरचा प्रेशर काटा बघा. सिस्टिम गार असताना तो साधारण 1 ते 1.5 बारवर हवा.

त्याच्या पत्रकावर 'कॉर्गी नोंदणीकृत' असंही छापलं होतं. कॉर्गी म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांची जुनी नोंदणी. ब्रिटनमध्ये 1 एप्रिल 2009 पासून गॅसच्या कामासाठी ती चालत नाही, तिच्या जागी आलेली 'गॅस सेफ' नोंदणी लागते. नुसत्या रेडिएटरच्या कामाला ती लागत नाही, पण बॉयलर उघडणाऱ्याकडे ओळखपत्र मागाच. मागच्या बाजूला त्याला कोणती कामं करता येतात ते लिहिलेलं असतं.

नटांचे, फडक्याचे, बिलाचे फोटो आम्ही क्रेडिट कार्डाच्या बँकेला पाठवले. 1974 च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम 75 खाली (यात विकणाऱ्याबरोबर कार्ड देणारी बँकही जबाबदार असते) फ्लशचे पैसे परत मिळाले, कारण त्या एका कामाची किंमत 100 पौंडांच्या वर होती. व्हॉल्व्ह प्रत्येकी 45 चे, म्हणून ते 270 अजून अडकलेत. त्यासाठी सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेकडे तक्रार केलीय. काम सुरू होण्याआधी तुमच्या नटांचे फोटो काढून ठेवा आणि काढलेले जुने व्हॉल्व्ह घरातच ठेवून जायला सांगा.