मुंबई ते मालवण : रेल्वे, एसटी, स्वतःची मोटार की विमान?

चौघांच्या कुटुंबाला मे महिन्यात मुंबईहून मालवणला जायचे असेल आणि पर्यावरणावरचा भारही शक्य तितका कमी ठेवायचा असेल, तर रेल्वे चांगली आणि विमान वाईट, असे उत्तर कोणीही देईल. ढोबळमानाने ते खरेही आहे. मात्र प्रत्यक्ष हिशेब मांडायला बसल्यावर लक्षात येते, की वाहन कोणते यापेक्षा ते किती भरलेले आहे, यावर पुष्कळ काही ठरते. आणि याच कारणाने रेल्वेला बरोबरीची टक्कर जी देते, ती आपली साधी एसटी.

हिशेबासाठी तीन आकडे पुरतात. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, एक लिटर डिझेलमागे सुमारे 2.7 किलो, आणि आपल्याकडील बरीचशी वीज कोळशाची असल्याने विजेच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो. पुढील सर्व आकडे या आधारावर मी स्वतः काढलेले, एका बाजूच्या प्रवासाचे आणि दरमाणशी आहेत. ते अंदाजच समजावेत.

प्रथम रेल्वे. मुंबई ते मालवणसाठी जवळचे स्थानक कुडाळ हे अंतर लोहमार्गाने साधारण पावणेपाचशे किलोमीटर भरते. 1998 साली रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला, तेव्हापासून जवळजवळ दोन तप या मार्गावर डिझेल इंजिने धावली. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरताना खिडक्या खाली ओढण्याची जी धांदल उडे आणि तरीही डब्यात जो धूर भरून राही, तो स्लीपरने प्रवास केलेल्या कोणीही विसरलेला नसेल. 2022 मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाले आणि तो धूर बोगद्यातून गेला. जगातून मात्र नाही, कारण तो औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतोच. तरीही बावीस डब्यांची भरलेली गाडी ओढायला लागणारी वीज हजार-अकराशे प्रवाशांत वाटली, की एकेकाच्या वाट्याला सात-आठ किलो येतात.

ही मात्र सरासरी झाली. नव्या पद्धतीच्या स्लीपर डब्यात 80 जण झोपतात, थर्ड एसीत 72, सेकंड एसीत 52 आणि फर्स्ट एसीत अवघे 24. डबा ओढायला लागणारी शक्ती साधारण तेवढीच, त्यात वातानुकूलनाची वीज वेगळी. म्हणजे फर्स्ट एसीचा प्रवासी स्लीपरमधल्या माणसाच्या तिपटीहून अधिक भार टाकत असतो. रेल्वेने गेलो या समाधानात ही गोष्ट सहसा झाकून जाते. मे महिन्यातला उकाडा आणि बरोबरची लहान मुले विचारात घेता थर्ड एसी ही मला योग्य तडजोड वाटते.

एसटीचा हिशेब याहून सरळ आहे. रस्त्याने अंतर सुमारे 500 किलोमीटर, लिटरमागे साडेचार किलोमीटर असे धरले तर 110 लिटरच्या आसपास डिझेल, आणि चाळीस प्रवासी असतील तर दरमाणशी साडेसात किलो. विजेवर धावणाऱ्या रेल्वेशी डिझेलची बस बरोबरी करते, हे मला स्वतःलाही आकडे मांडेपर्यंत पटले नव्हते. खाजगी वातानुकूलित स्लीपर बसमध्ये तीस-पस्तीसच जागा असतात आणि डिझेलही अधिक जळते, त्यामुळे तिथे हा आकडा बारा-तेरापर्यंत चढतो. एसटीची खरी किंमत शरीर मोजते. बारा-चौदा तास बसून काढणे ज्येष्ठांना झेपेलच असे नाही, आणि ही अडचण कोणत्याही कोष्टकात दिसत नाही.

स्वतःच्या मोटारीबद्दल टोकाचे बोलले जाते, म्हणून तिच्याकडे जरा थांबून पाहू. लिटरमागे पंधरा किलोमीटर देणारी पेट्रोलची मोटार या प्रवासाला 33 लिटर पिते, म्हणजे एकूण 76 किलो. चौघे असतील तर प्रत्येकी एकोणीस. दोघेच असतील तर अडतीस, आणि मग ती विमानाच्या जवळ जाऊ लागते. विजेवरची मोटार असेल तर चौघांत प्रत्येकी चौदा किलो धरावेत. रखडत चाललेल्या राष्ट्रीय महामार्ग 66 वरची कोंडी या हिशेबात धरलेली नाही. गेल्या मे महिन्यात माणगावच्या अलीकडे आम्ही दीड तास जागच्या जागी होतो. मुलांमुळे एसी बंद करता येईना, आणि पुढच्या मोटारींखाली गळणारे एसीचे पाणी बघत बसण्यापलीकडे काही उरले नव्हते. अशा वेळी तासाला लिटरभर पेट्रोल नुसते उभ्या-उभ्या जाते. शिवाय मोटार हाताशी असली की तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ले अशा चकरा आपोआप वाढतात आणि परतताना किलोमीटरच्या काट्यावर दीड-दोनशे जास्तीचे दिसतात.

मोटार रेल्वेवर चढवून नेण्याची सोयही कोकण रेल्वेने 2025 च्या गणेशोत्सवाच्या सुमारास सुरू केली. पण माणसांबरोबर टनभर लोखंडही ओढावे लागत असल्याने तिच्यात वाचतो तो मुख्यतः चालकाचा शीण.

विमानाचे थोडक्यात आटोपते. मुंबई-गोवा एवढ्याशा उड्डाणात मध्यम आकाराचे जेट अडीच टनांच्या आसपास इंधन जाळते, त्यातला मोठा वाटा वर चढण्यातच जातो, आणि दरमाणशी पन्नास किलो होतात. गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरल्यावर मालवणपर्यंतची टॅक्सी वेगळी. ‘विमान तसेही जाणारच होते’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. पुढच्या हंगामात किती विमाने सोडायची हे यंदा किती आसने भरली यावरूनच ठरते. ज्यांच्याकडे खरोखरच दोनच दिवस आहेत, त्यांनी मालवणचा बेत पुढे ढकलून त्या दोन दिवसांत अलिबाग करावे.

रेल्वेच्या बाजूने कौल देण्याआधी कुडाळ ते मालवण हे तीसेक किलोमीटर मोजलेच पाहिजेत, कारण अनेकजण मोटार काढतात ती या शेवटच्या टप्प्याच्या धास्तीने. स्थानकाबाहेर रिक्षा मिळतात, आणि कुडाळच्या बसस्थानकावरून मालवणची एसटी. चौघांनी रिक्षा केली तरी प्रत्येकी किलोभराहून कमी भर पडते. मात्र मध्यरात्री दादरहून सुटणाऱ्या तुतारीसारख्या गाडीला उशीर झाला, की भर उन्हात सामान घेऊन उभे राहावे लागते, एवढी मनाची तयारी असावी. पावसाळ्यात जाणार असाल तर गाड्यांचे वेळापत्रकच बदलते. जोराच्या पावसात वेग ताशी 40 किलोमीटरवर आणतात.

आणखी एक बाब प्रवासाची नसून मुक्कामाची आहे, पण तिच्याने वरची बरीचशी बचत धुऊन निघू शकते. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर आठ-दहा युनिट वीज खातो, म्हणजे सहा-सात किलो. एका माणसाचा मुंबई-कुडाळ रेल्वेप्रवास जवळजवळ एवढाच. चार रात्री दोन खोल्यांत एसी लावायचा असेल, तर रेल्वे की मोटार यावर वाद घालण्यात फारसा अर्थ उरत नाही. त्यापेक्षा माडाच्या सावलीतले कौलारू घर शोधावे, जिथे पंख्यावर भागते.

तेव्हा चौघांसाठी माझी पसंती थर्ड एसी किंवा स्लीपरला, तिकीट न मिळाल्यास एसटीला, आणि बरोबर वृद्ध असतील तर चारही आसने भरलेल्या मोटारीला. आरक्षण आता 60 दिवस आधी खुले होते. म्हणजे 15 मेला निघायचे असेल, तर 16 मार्चला सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल हातात हवा.